शेजारच्या आजी-आजोबांची बाहेरची कामं करून द्यायची आहेत? मग सुरुवात अशी करा

डोंबिवली, ठाणे, गिरगाव, पुण्याच्या पेठा, कुठेही बघा, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती अजून भरपूर आहेत. चाळीस वर्षांपूर्वी वारा चांगला येतो म्हणून हौसेने वरच्या मजल्यावर घर घेतलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. गुडघे जिना उतरू देत नाहीत आणि मुलं बंगळूरला नाहीतर परदेशात. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटी दहा लाखांच्या वर होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ठिकठिकाणी तरुण मुलांनी औषधं, किराणा, दूध वर पोचवायचं काम अंगावर घेतलं. टाळेबंदी उठली, व्हॉट्सॲपवरचे ते गट थंडावले, पण वरच्या मजल्यावरच्यांची अडचण आहे तिथेच आहे.

मी आमच्या आणि शेजारच्या इमारतीत हे काम करते. यात पायांपेक्षा कागद, हिशेब आणि बोलणं जास्त सांभाळावं लागतं. सामान आपण आणतो, पण घर त्यांचं आहे, पैसे त्यांचे आहेत आणि काय आणायचं ते तेच ठरवणार. पुढचं सगळं या एका गोष्टीला धरून सांगते आहे.

विचारायचं कसं

"काही लागलं तर सांगा हं!" असं आपण सगळेच म्हणतो, आणि त्यावर कोणीही कधीही काही सांगत नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी केलं त्यांना मागायला जड जातं. "नको गं, तुला कशाला त्रास" हे उत्तर ठरलेलंच. म्हणून नेमकं काम आणि नेमकी वेळ घेऊन जा: "काकू, उद्या सकाळी दहाला मी केमिस्टकडे चालले आहे. तुमच्या बीपीच्या गोळ्या आणू का?" याला होकार देणं सोपं जातं. पहिलं काम लहान असू द्या. ते नीट झालं, उरलेले पैसे बिलासकट परत मिळाले, की दुसरं काम त्या स्वतःहून सांगतात.

पहिल्याच भेटीत त्यांच्या मुलामुलींशीही बोलून घ्या. अमेरिकेतल्या मुलाला आईच्या घरी कोण येतं-जातं हे माहीत असायलाच हवं. त्याला शंका आली तर ती रास्त आहे असं समजून नाव, पत्ता, फोन सगळं द्या. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनलाही सांगून ठेवा.

किती घरं घ्यायची

एकट्या माणसाला नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तीन-चार घरं पुरेशी होतात. उत्साहाच्या भरात दहा घरं घेतली आणि महिन्याभरात थकून थांबलात, तर तुमच्यावर विसंबलेली माणसं अडकतात. आठवड्याचे दोन वार ठरवा, समजा बुधवार आणि शनिवार. यादी आदल्या रात्री आठपर्यंत घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी एकाच फेरीत सगळं उरकायचं. औषध संपलं, गॅस गळतोय, पडले-झडले, एवढ्यापुरतं "कधीही फोन करा". कोथिंबीर शनिवारपर्यंत थांबू शकते, आणि हे सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगितलं तर कोणालाही वाईट वाटत नाही.

दोघांची जोडी सगळ्यात बरी. एक आजारी पडला किंवा गावी गेला तर दुसरा असतो. मुलगी एकटी जाणार असेल तर पहिले काही दिवस कोणाला तरी बरोबर न्यावं आणि दार उघडं ठेवूनच बसावं, म्हणजे दोन्ही बाजूंना निर्धास्त वाटतं. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत असलेल्या मुलांना वर्षाला १२० तास सेवाकार्य करायचं असतं. हे काम त्यात धरता येईल का, ते त्यांनी आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारावं.

घरातला एक कागद

प्रत्येक घरी एक कागद ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर किंवा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. त्यावर डॉक्टरांचं नाव आणि फोन, जवळच्या दोन नातेवाइकांचे फोन, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, चालू औषधं, जादा किल्ली कोणाकडे आहे, एवढंच. हा कागद त्यांच्या घरी राहतो. त्याचा फोटो तुमच्या गटावर टाकायचा नाही. कोणाला कसलं औषध चालू आहे ही इमारतभर चर्चा व्हायची गोष्ट नाही.

चिठ्ठी

यादी शक्यतो त्यांच्या हातची घ्या. फोनवर सांगितली तर लिहून परत वाचून दाखवा. "पोहे" एवढं लिहून भागत नाही, जाडे की पातळ ते हवं. गूळ पिवळा की काळसर, चहा कुठला, साबण कुठला, दूध गायीचं की म्हशीचं, सगळं विचारा. हवं ते मिळालं नाही तर काय करायचं तेही आधीच ठरवा: दुसरं आणायचं, दुकानातून फोन करायचा, की तसंच परत यायचं. "हे जास्त चांगलं होतं म्हणून हेच आणलं" असं करू नका. ऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात कुठली डाळ शिजवायची हे ठरवता आलं पाहिजे.

दळणाचं मुद्दाम सांगते, कारण नव्या मुलांना ते माहीत नसतं. गिरणीत आधी कोणाचं काय दळलं गेलं त्यावर तुमचं पीठ अवलंबून असतं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, असं गिरणीवाल्याला सांगावं लागतं. नाहीतर ज्वारीच्या पिठात गव्हाचं पीठ येतं, आणि घरात कोणाला गहू वर्ज्य असेल तर ते चालणार नाही. उपासाची भाजणी तर गव्हावर कधीच द्यायची नाही. बऱ्याच गिरण्यांत त्यासाठी वेगळा वार किंवा वेळ असते, ती विचारून जा. पोळ्यांसाठी बारीक, लाडवांसाठी जाडसर, हेही चिठ्ठीत हवं. आणि दळून आलेलं पीठ गरम असतं. घरी पोचल्यावर डब्याचं झाकण उघडं ठेवा, गार झाल्यावर लावा. लगेच झाकलं तर आत वाफ धरते आणि पीठ लवकर खराब होतं.

भाजीचं फार सांगत नाही. थोडी आणा, ताजी आणा, आणि पिशवी फार जड होऊ देऊ नका.

पैशांचा हिशेब

प्रत्येक घराचं एक पाकीट करा. वर नाव, तारीख आणि घेतलेली रक्कम. सामान आणलं की बिल आणि सुटे पैसे त्याच पाकिटात घालून परत. शिवाय त्यांच्या घरी एक छोटी वही ठेवा: घेतले ५००, खर्च ४३७, परत ६३, आणि पुढे दोघांच्या सह्या. वही कशाला, आपला विश्वास आहे ना, असं ते म्हणतील. तरी ठेवाच. आठवण कमी होत चाललेल्या माणसाला चार दिवसांनी वाटू शकतं की पैसे परत मिळालेच नाहीत. तेव्हा वहीतली त्यांची स्वतःची सही बघून त्यांची काळजी मिटते.

स्वतःच्या खिशातून घालून "नंतर द्या" म्हणायची सवय लावू नका. त्यांना ते ओझं होतं आणि विसरलं तर मागणं तुम्हाला अवघड जातं. "वरचे राहू दे तुला रिक्षाला" हेही नको. चहा घ्या, वडी खा, पैसे घेऊ नका. एखाद्या घरी खरोखरच चणचण असेल तर ते स्वतःशी न ठेवता नातेवाइकांना किंवा जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाला, पण आजी-आजोबांना विचारूनच, कळवा.

एटीएम कार्ड आणि पिन, फोनचं लॉक, यूपीआयचा पिन, सही केलेला कोरा चेक यांतलं काहीही हातात घ्यायचं नाही. ते आग्रहाने देतील, तरी नाही. ओटीपी तर त्यांनी तुम्हालाही सांगायचा नाही. तुम्ही कितीही सरळ असलात तरी "पिन सांगायला हरकत नसते" ही सवय त्यांना तुमच्यामुळे लागली, तर उद्या फोनवरच्या भामट्याचं काम सोपं होतं. कोणाचे असे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला मदत करा आणि बँकेला कळवा.

औषधं

इथे घाई नको. केमिस्टकडे जाताना प्रिस्क्रिप्शन आणि संपत आलेली स्ट्रिप, दोन्ही न्या. नुसत्या नावावर विसंबू नका. ब्लडप्रेशरच्या टेल्मीसार्टन ४० चं उदाहरण पाहा. त्याच नावापुढे एच किंवा एएम आलं की त्यात दुसरं औषध मिसळलेलं असतं, म्हणजे ती गोळीच वेगळी. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन ५०० आणि १००० चं खोकं दिसायला सारखं असू शकतं. नाव, पुढचं अक्षर, मिलिग्रॅम, हे तिन्ही जुन्या स्ट्रिपशी ताडून बघा आणि मगच पैसे द्या.

"ते नाही, पण हे सेमच आहे" असं केमिस्ट म्हणाला तर तिथूनच डॉक्टरांना किंवा घरी फोन लावा. आपण ठरवायचं नाही. वेष्टनावर लाल चौकटीतली सूचना असलेली शेड्यूल एच-१ ची औषधं, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, झोपेच्या काही गोळ्या, केमिस्टला वेगळ्या रजिस्टरात डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह नोंदवावी लागतात. त्यामुळे प्रिस्क्रिप्शनशिवाय ती मिळणार नाहीत, आणि त्यासाठी हुज्जतही घालू नये.

सुट्या गोळ्या घेताना एक गोष्ट हमखास निसटते. एक्स्पायरीची तारीख स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. केमिस्टने दुसऱ्या टोकाकडून कापून दिल्या तर तुमच्या हातात तारखेविना चार गोळ्या येतात. तारखेचं टोक मागून घ्या किंवा बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी आहे ना, ते पाहा.

इन्सुलिन आणायचं असेल तर घरून छोटा थर्मास किंवा थंड पिशवी न्या. न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण बर्फाला चिकटता कामा नये. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. केमिस्टकडून निघालात की थेट त्यांच्या घरी, बाकीची खरेदी आधी उरकून घ्या. सिरिंज आणताना टोपणाचा रंग पाहा. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटला नारिंगी. यांची अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे घरी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा.

गोळ्या आठवडाभराच्या उरल्या की नव्या आणायच्या, असा नियम ठेवा. गोळ्यांच्या डब्यात सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या भरून देणं मात्र मी करत नाही. ते घरच्यांनी किंवा नर्सने करावं.

लॅब आणि दवाखाना

बहुतेक लॅबची माणसं रक्त घ्यायला घरी येतात. तुमच्याकडे येतो तो लघवीचा नमुना पोचवणं आणि रिपोर्ट आणणं. नमुना तासाभरात पोचवा, बाटलीवर नाव आहे का बघा. रिपोर्ट बंद पाकिटात येतो तसाच द्या. उघडून "साखर वाढली आहे हो" असं सांगणं आपलं काम नाही.

सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात ओपीडी सकाळची असते आणि केस पेपरची रांग त्याच्याही आधी लागते. इथे धावपळ करणाऱ्या माणसाचा खरा उपयोग होतो. तुम्ही लवकर जाऊन रांगेत उभं राहा, जुना केस पेपर जवळ ठेवा, आणि नंबर जवळ आला की त्यांना रिक्षाने बोलावून घ्या. दोन तास बाकावर बसण्यापासून त्यांची सुटका होते. डॉक्टरांपुढे मात्र बोलू द्या त्यांनाच. तुम्ही पुढच्या तारखा आणि तपासण्या तेवढ्या लिहून घ्या.

बँक, पेन्शन, हयातीचा दाखला

बँकेतून त्यांच्यासाठी रोख काढून आणणं शक्य तितकं टाळा. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच मूलभूत सेवा द्याव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना दिली आहे. शाखेत जाऊन त्यांच्या वतीने याची चौकशी करणं हे तुमचं काम. शुल्क किती, फोन कुठे करायचा, हे लिहून आणा. अंथरुणाला खिळलेल्या आणि सही न करता येणाऱ्या खातेदारासाठीही सोय आहे. त्याचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. काउंटरवर ही गोष्ट माहीत नसेल तर शाखाधिकाऱ्यांना भेटा.

चेक भरायला दिला तर त्यावर दोन आडव्या रेघा आणि "अकाउंट पेयी" आहे ना ते पाहा. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. पावतीवर बँकेचा शिक्का घेऊन या. आधारची झेरॉक्स कुठे द्यायची असेल तर त्यावर कोणत्या कामासाठी आणि कुठल्या तारखेला दिली ते त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. ऐंशी आणि त्यापुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणून त्यांची कामं आधी उरका. ईपीएस-९५ वाल्यांचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडून पेन्शन मिळणाऱ्यांचा दाखला मात्र दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, तो नोव्हेंबरच्या गर्दीत द्यायची गरज नाही. २०१४ पासून जीवन प्रमाण ही डिजिटल सोय आहे आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठी हे मोठं काम झालं. साधा अँड्रॉइड फोन, त्यात जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप, आजींचा आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि पेन्शनचा खातेक्रमांक, एवढं लागतं. त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्म्यावर उजेड चमकत असेल तर तो काढायला सांगा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगा. ओटीपी आला तर त्यांनीच टाकायचा. काम झाल्यावर मेसेजमध्ये प्रमाण आयडी येतो, तो वहीत उतरवून ठेवा. जमलं नाही तर पोस्टमनला घरी बोलावता येतं, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत ही सेवा मिळते. आणि "तुमचा दाखला संपला, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो बंद करायचा, हे त्यांना दर महिन्याला न कंटाळता सांगा.

रेशन आणि गॅस

रेशन दुकानात सहसा कार्डावरच्याच कोणाचा तरी अंगठा लागतो, त्यामुळे नुसतं कार्ड घेऊन तुम्हाला सहसा धान्य आणता येत नाही. माल कधी आला, गर्दी कधी कमी असते हे बघून त्यांना बरोबर नेणं आणि पिशवी उचलणं एवढं करता येतं.

गॅसचा कोड नोंदवलेल्या फोनवर येतो. तो सिलिंडर दारात आल्यावरच सांगायचा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या भागावर लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज वजनकाट्यावर पडताळून घ्या, सील आणि आतला वॉशर बघा, रेग्युलेटर नीट बसवून द्या. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

दार उघडलं नाही तर

ठरलेल्या वारी गेलात, बेल वाजवली, दार उघडत नाही. आधी फोन करा आणि आत रिंग वाजतेय का ते कान देऊन ऐका. बाहेर दूध-पेपर तसाच पडलाय का पाहा. शेजाऱ्यांना विचारा, नातेवाइकांना फोन लावा. जादा किल्ली असेल तर ती घेऊन, पण एकट्याने नाही, शेजारच्या कोणाला तरी बरोबर घेऊनच आत जा. किल्ली नसेल, आत रिंग वाजतेय आणि उत्तर नाही, तर वाट बघत बसू नका. ११२ ला फोन करा, आणि माणूस पडलेला किंवा बेशुद्ध आहे असं कळलं तर १०८ ची ॲम्ब्युलन्स. पडलेल्या माणसाला घाईने उचलून बसवू नका. खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. पांघरूण घाला, बोलत राहा. घरात मारहाण, पैशांसाठी दबाव किंवा हेळसांड दिसली तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

थोडं बसा

वाचनालयाचं पुस्तक बदलून आणणं हे मला यातलं सगळ्यात आवडतं काम. "मागच्या वेळी आणलंस तसं नको, जरा प्रवासाचं आण" असं सांगताना आजोबा अर्धा तास रमतात. पाच-दहा मिनिटं बसायची तयारी ठेवूनच घरातून निघा. पिशवी दारात ठेवून पळालात तर निम्मं काम राहिलं असं समजा. पण बसल्यावर त्यांच्या घरातली भांडणं, सुनेच्या तक्रारी ऐकून घ्या आणि तिथेच सोडा. दुसऱ्या घरी त्यातला एक शब्दही जाता कामा नये.

तुम्हाला थांबायचं असेल तर

परीक्षा येते, बदली होते, लग्न होतं. निदान पंधरा दिवस आधी सांगा. नव्या माणसाला घेऊन स्वतः जा, ओळख करून द्या, आणि एक-दोन फेऱ्या दोघं मिळून करा. हा माणूस चालेल का, हे आजी-आजोबांना तो नसताना विचारा. ते नको म्हणाले तर दुसरं कोणी शोधा. हिशेबाची वही त्यांच्यासमोर शेवटपर्यंत तपासून दोघांच्या सह्या घ्या, जादा किल्ली तुमच्याकडे असेल तर ती त्यांच्याच हातात परत द्या. नव्या माणसाला द्यायची की नाही ते त्यांचं ते बघतील. तुमच्या फोनमधले प्रिस्क्रिप्शनचे फोटो त्यांच्यादेखत काढून टाका.